ढगात ओलावा जास्त

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांमागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या स्वीडनच्या एरिक योहान्सनवर, वेगवेगळे फोटो जोडून अशक्य देखावे करणाऱ्या फोटोग्राफरवर, अर्धं पान आलं होतं, रस्ता चादरीसारखा ओढत नेणारा माणूस वगैरे, ते पान मी कापून दुकानात काचेखाली लावलंय. पण मग त्याच आठवड्यात एका वाचकाचं पत्र तुम्ही छापलं की हे सगळं कॉम्प्युटरचं थोतांड आहे, एक क्लिक मारली की झालं, आणि याला फोटोग्राफी म्हणणं म्हणजे डालडाला साजूक तूप म्हणणं. डालडाची उपमा जमली हो, खोटं कशाला बोलू, पण बाकीचं पत्र वाचून राहवलं नाही. मी काही लेखक नाही, पाचोऱ्याला फोटो स्टुडिओ आहे माझा, १९८४ पासून, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या, आणि कापायचंच असेल तर सुरुवातीचं कापा, शेवटचं कापू नका.

पहिली गोष्ट म्हणजे एक क्लिक. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली, आणि ज्याच्या जिवावर आज सगळं जोडकाम चालतं ते लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे फोटोचे थर, त्यात आले १९९४ ला. आमच्याकडे तर कॉम्प्युटर त्याच्याही कितीतरी नंतर आला. मग त्याच्या आधी आम्ही काय फक्त पासपोर्ट काढत होतो का? ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद लेन्सवर अर्धा काळा कागद लावून एकाच माणसाला एकाच बाकावर दोनदा बसवायचे, स्वतःच स्वतःला चहा देतोय असा फोटो, आणि जत्रेत त्याला ही गर्दी व्हायची. नवरीचा चेहरा गुलाबात, नवरा-नवरी हार्टमध्ये, हे तर प्रत्येक लग्नात. म्हाताऱ्या माणसाचा आयुष्यात एकच फोटो असायचा, तोही कुठल्यातरी ग्रुपमधला, तो गेला की घरचे तो ग्रुप घेऊन यायचे, मग डोकं कापायचं, त्याला कोट चढवायचा, जन्मात कोट न घातलेला माणूस भिंतीवर कोटात. खान्देशातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि ओसरीतले फोटो नीट बघा, निम्म्या कोटांच्या बाह्या सारख्याच निघतील, कारण कोट एकच होता, उस्तादांच्या दुकानातला.

एक बाई आठवते. माझं स्वतःचं दुकान निघायच्या आधीची, उस्तादांकडे शिकत होतो तेव्हाची गोष्ट, कापसाच्या वेचणीचे दिवस, हाताची बोटं बोंडांनी कातरलेली, पिशवीत कागदात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो. दोघांचा मिळून फोटो कधी निघालाच नव्हता आणि नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. म्हणे मला त्यांच्याशेजारी बसवा. उस्तादांनी दोन खुर्च्या मांडल्या, तिला डाव्या खुर्चीवर बसवलं, उजवी रिकामी. लाइट लावला, मी रिफ्लेक्टर धरून उभा. आणि त्या बाईने काय करावं, रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, जरा अंग चोरून बसली, नवरा शेजारी बसल्यावर बसतात तशी. कोणी सांगितलं नव्हतं तिला. नंतर डार्करूममध्ये उस्तादांनी दोन दिवस घालवले त्या फोटोवर, नवऱ्याच्या तोंडावर उजेड उजवीकडून होता म्हणून तिचा फोटो आधीच उजवीकडून लाइट मारून काढलेला. आता मला सांगा, हा फोटो खोटा का? कोणाला फसवलं त्याने? बाईला तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं की खुर्ची रिकामी होती.

आणि हे काही आपल्याकडेच चालायचं असं नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर नावाच्या माणसाने तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठा फोटो केला, एखाद्या जुन्या पेंटिंगसारखा, माणसंच माणसं, तेव्हाही लोक म्हणाले हे काय फोटोग्राफी आहे का, पण त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. म्हणजे फोटोग्राफी जेमतेम वीस वर्षांची असतानाचं हे भांडण आहे साहेब, तुमच्या वाचकाला वाटतं तसं मोबाइल आल्यावरचं नाही. अमेरिकेत जेरी युल्समन म्हणून होते, २०२२ ला गेले, ते डार्करूममध्ये ओळीने एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायची यंत्रं, मांडायचे, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, आणि एकच कागद या एन्लार्जरखालून त्या एन्लार्जरखाली फिरवायचे, झाडं मुळांसकट हवेत तरंगतायत, घराच्या भिंतीतून झाडाची मुळं निघालीत. १९६७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. कॉम्प्युटरचा त्यात सुतराम संबंध नाही. ज्याने एकदा तरी लाल दिव्यात कागद धरून सेकंद मोजलेत त्याला विचारा एकाच कागदावर तीन एक्स्पोजर जुळवणं म्हणजे काय असतं, पहिला बरोबर आला की दुसरा हलतो, दुसरा जुळला की तिसऱ्याला कागद काळा पडतो, आणि त्या वेळी कागदाचं पाकीट काय स्वस्त होतं का.

आता योहान्सनकडे येतो. १९८५ चा जन्म, म्हणजे माझ्या दुकानापेक्षा एक वर्षाने लहान, शेतावर वाढलेला पोरगा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकला. तुमच्या पुरवणीत तो रस्ता ओढणारा फोटो होता तो २००८ चा. आणखी एक आहे त्याचा, २०१७ चा, रात्री व्हॅन घेऊन दोन कामगार आलेत आणि जुना चंद्र उतरवून नवा बसवतायत, आपल्या गल्लीत वायरमन येऊन बल्ब बदलतो तसं. तुमच्या लेखात एक गोष्ट राहून गेली आणि माझ्या मते तीच महत्त्वाची होती, की हा माणूस नेटवरून फोटो उचलून चिकटवत नाही, जे जे दिसतं ते शक्यतो स्वतः जाऊन काढतो. त्याचं एक भाषण आहे २०११ चं, त्यात त्याने हिशोब सोपा करून सांगितलाय, जोडायच्या फोटोंचा कोन एक पाहिजे, उजेड एकाच जातीचा पाहिजे, आणि सांधा दिसता कामा नये. बस. ऐकायला तीन गोष्टी, करायला बसलं की महिने जातात, आणि वर्षभरात त्याचे असे फोटो होतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

हे मला इतकं छातीठोक का सांगता येतं तर माझ्या भाच्यामुळे. तो धुळ्याला कॉलेजला आहे, सुट्टीत आमच्याकडे येतो, त्याने मागच्या दिवाळीत एक फोटो करायला घेतला. कल्पना त्याची स्वतःची. भुईकाट्यावर, म्हणजे गाडीसकट वजन करायच्या काट्यावर, ट्रॅक्टरची ट्रॉली उभी आहे आणि ट्रॉलीत कापसाच्या जागी ढग भरलाय, पांढरा, फुगलेला, फळीच्या वर आलेला, आणि व्यापारी त्या ढगात कोपरापर्यंत हात घालून बघतोय. फोटोचं नाव 'ओलावा जास्त आहे'. कापूस विकलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत, आणि खासगीवाला तर हात घालायच्या आधीच तोंड वाकडं करतो. आता ढगात ओलावा जास्त नाही निघणार तर काय कोरडा निघेल? मी तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा सांडला.

पण करायला गेला तर जमेना. ट्रॉलीचा फोटो ओळखीच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, जाऊन संध्याकाळी पाचला काढला, ऊन डावीकडून, लांब सावल्या, मस्त. ढग त्याने आषाढात गच्चीवरून काढून ठेवलेले होतेच, शंभर-दीडशे, त्यातला एक छान गोल ढग कापून ट्रॉलीत ठेवला आणि रात्री अकराला मला दाखवायला आणला. कडा एकदम साफ, कुठेही जोड दिसत नाही, तरीही बघताक्षणी वाटतं की काहीतरी चुकलंय. म्हटलं बाळा, ढग आपण खालून बघतो, तुझ्या ढगाचं पोट दिसतंय, आणि ट्रॉली तू समोरून काढलीय. ट्रॉलीतला माल समोरून दिसतो, थोडा वरून दिसतो, त्याचं पोट फळीला टेकलेलं असतं, ते दिसेल कसं? पोरगं गप्प. मग म्हणाला मामा, समोरून दिसणारा ढग आणू कुठून, विमानात बसू का?

तेव्हा मी त्याला चाळीसगावला घेऊन गेलो.

चाळीसगावला स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे, आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांनी ते आतून बघितलंय देव जाणे. १९१२ चा जन्म, मुंबईचे पारशी, विलायतेत शिकून आलेले, आणि आयुष्य काढलं चाळीसगावला त्या एका घरात, १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले. मूस म्हटलं की लोक फक्त ती प्रेमाची गोष्ट सांगतात, ती येणार होती म्हणून रोज गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे वगैरे. असेल खरी, नसेल, मला त्यात पडायचं नाही. पण माझी तक्रार आहे की तुमच्या पेपरसकट सगळे पेपर दरवर्षी ती गोष्ट छापतात आणि त्यांच्या टेबलाविषयी कोणी लिहीत नाही. टेबलटॉप फोटोग्राफी हा मूस साहेबांचा हातखंडा. घराबाहेर न पडणारा माणूस, त्याने टेबलावर घरातल्याच छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेडाची करामत करून असे देखावे उभे केलेत की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस कुठे कुठे फिरून आलाय. देशोदेशीची बक्षिसं मिळाली त्यांना. दार बंद, आणि टेबलावर अख्खी दुनिया. आता हे खोटं म्हणायचं असेल तर हिंमत करून चाळीसगावला जाऊन म्हणा.

भाचा एकेका फोटोसमोर नाक लावून उभा राहिला, मी बाहेर येऊन चहा प्यायलो, परत आत गेलो तरी तिथेच. येताना पॅसेंजरमध्ये एकच वाक्य बोलला, मामा आपल्याकडे पिंजलेला कापूस किती रुपये किलो. पाचोऱ्याला उतरल्या उतरल्या गादीवाल्याकडून दोन किलो कापूस घेतला. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल, त्यावर पुठ्ठ्याची छोटी ट्रॉली, तिला आतून-बाहेरून लाल रंग दिला कारण खरी ट्रॉली लाल होती आणि तिचा लालसरपणा मालाच्या खालच्या कडेवर पडतो, हे माझं डोकं बरं का. कापूस बोटांनी फुगवून फुगवून त्यात भरला. खिडकीतून पाचचं ऊन यायचं ते डावीकडूनच, कॅमेरा त्याच हिशोबाच्या उंचीवर. तीन दिवस रोज पाच ते साडेपाच एवढाच वेळ मिळायचा, मग ऊन समोरच्या घरामागे जायचं. तिसऱ्या दिवशी माझा स्वतःचा हात कोपरापर्यंत त्या कापसात घालून फोटो काढला, म्हणजे फोटोतल्या व्यापाऱ्याचा हात माझा आहे, तोंड माझ्या साडूचं. वर कडेला आषाढातल्या खऱ्या ढगाचे दोन-चार धुरकट तुकडे लावले. झाला ढग.

ज्या शेतकऱ्याची ट्रॉली होती त्याला मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणे, "हाई ते मनीच ट्रॉली शे रे भो, पण माल कोना शे?" म्हणजे ट्रॉली तर माझीच, पण माल कोणाचा, आणि हसत सुटला. त्याला कोणी सांगितलं नाही की ही कन्सेप्च्युअल फोटोग्राफी आहे आणि याला सर्रिअल, म्हणजे स्वप्नातल्यासारखं, म्हणतात. चार क्विंटल कापसाला कट्टी, म्हणजे कपात, लागलेली आठवण होती त्याच्याकडे, तेवढ्यात त्याचं भागलं.

हा फोटो आम्ही जिल्ह्यातल्या एका स्पर्धेला पाठवला. नाव सांगत नाही, माणसं ओळखीची आहेत. परत आला. कारण लिहिलेलं, 'छायाचित्र वास्तव नाही, संगणकीय फेरफार'. म्हणजे ढगात ओलावा जास्त निघाला, माल परत. ठीक आहे, त्यांचा नियम असेल, नियमाला माझी ना नाही, फॉर्मवर आधी लिहिलं असतं तर पाठवला नसता. पण पहिला नंबर ज्याला मिळाला तो फोटो बघा, सातपुड्याच्या पायथ्याची वाट, पहाटेचं धुकं, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पावरा आदिवासी बाईचे चांदीचे दागिने, सुंदर फोटो, मी स्वतः टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या टपरीवर तो फोटोग्राफर, चांगला पोरगा आहे, स्वतःच सांगायला लागला की हंडा रिकामा होता, बाईला पाच वेळा तीच वाट चालायला लावली, दागिने तिच्या जावेचे, आणि तीनशे रुपये दिले. हा वास्तव! आणि आमच्या फोटोत ज्याने ढग भुईकाट्यावर ठेवला त्याने कोणाला सांगितलं होतं का की पाचोऱ्याला खरंच ढगाची आवक झाली म्हणून?

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, फोटो खोटा होतो तो कात्रीने नाही, खाली काय लिहिलंय त्याने होतो. १९८२ साली नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठावर उभा फोटो बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, केवढी बोंब झाली. काय केलं होतं त्यांनी, थोडंसं तर सरकवलं. पण लोकांनी ते खरं म्हणून घेतलेलं होतं ना. योहान्सन चंद्र बदलतो तर कोणी पोलिसात जात नाही.

खोटा फोटो काय असतो ते मागच्या हिवाळ्यात बघितलंय आम्ही. व्हॉट्सअॅपवर बिबट्याचा फोटो आला, केळीच्या बागेत बसलेला, खाली आमच्या शेजारच्या गावाचं नाव आणि 'आजच सकाळी'. फोटो बघितल्याबरोबर मला कळलं की बिबट्यावर फ्लॅशचा उजेड आहे आणि केळीवर उन्हाचा, पण हे मी कोणाला सांगणार, तोपर्यंत तो दहा ग्रुपवर गेलेला. इकडे बिबटे नाहीत असं नाही, चाळीसगावकडे गिरणा पट्ट्यात माणसं गेलीत, भीती काही वेडेपणाची नाही. आणि त्या आठवड्यात आमच्याकडे शेतातल्या मोटरीची थ्री फेज लाइट रात्रीची. गव्हाला पहिलं पाणी द्यायचं आणि मोटर चालू करायला कोणी जायला तयार नाही, माझा मोठा भाऊ तीन रात्री घरात बसून राहिला, चौथ्या रात्री चार जण काठ्या घेऊन गेले. त्या फोटोला कला म्हणू नका, आणि त्याच्यासारखा म्हणून भाच्याच्या फोटोला पण हाणू नका. दोघांमध्ये फोटोशॉप सारखंच आहे, म्हणून काय झालं, विळीने भाजी पण चिरतात.

बाकी जोडफोटोचा इतका तिटकारा असेल तर आधी आमच्या चौकातले फ्लेक्स बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की एका भाऊंच्या मागे सिंह, डोक्यावर छत्रपती, खाली एकाच मापाची बत्तीस मुंडकी, कोणाला मान नाही, कोणावर उजेड डावीकडून तर कोणावर खालून, भुतासारखा. पूर्ण खान्देश सर्रिअल करून ठेवलाय आणि कोणी पत्र लिहीत नाही. हां, त्यातले दहा-वीस माझ्याकडूनपण गेलेत, लाइटबिल भरावं लागतं.

एआयचं विचाराल तर तो वेगळा विषय आहे. आता मोबाइलमध्ये लिहिलं की 'ट्रॉलीत ढग', की अर्ध्या मिनिटात चार ट्रॉल्या हजर. भाच्याने करून दाखवलं. दिसायला गुळगुळीत, पण भुईकाट्यावरचे आकडे कुठल्याच भाषेत नव्हते आणि व्यापाऱ्याचा हात ढगात शिरल्यावर कुठे गेला तेच कळत नव्हतं. उद्या तेही सुधारेल, मला माहीत आहे. पण तीन दिवस पाच ते साडेपाच ज्या खिडकीत आम्ही बसलो ती त्यात नसणार, आणि माझा हात पण नसणार.

तर विनंती अशी आहे. ज्या वाचकाने डालडा लिहिलं त्यांना दुकानावर चहाला बोलावतो, पुठ्ठ्याची ट्रॉली अजून ठेवलीय, कापूस मात्र बायकोने उशीत भरला. आणि भाच्याचा फोटो सोबत जोडलाय. छापायचा झाला तर खाली 'जोडचित्र' असं स्पष्ट लिहा, लाजायचं काही कारण नाही. रंगीत पानावर जागा नसेल तर नका छापू, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये छापू नका, ढगाच्या खालच्या कडेचा लाल रंग दिसला पाहिजे, त्याच्यावर दोन दिवस गेलेत. आणि कृपा करून उजवी बाजू कापू नका, मागे आमच्या गावच्या रथाचा फोटो दिला होता तर तुमच्या माणसाने कॉलममध्ये बसवायला अर्धा रथच उडवला होता. या फोटोत उजवीकडेच काटा आहे.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला,
पाचोरा, जि. जळगाव